पक्की पावती

वृंदाच्या घरात मेणबत्त्यांचं एक स्वतंत्र कपाट होतं. लव्हेंडरच्या, व्हॅनिलाच्या, आणि समुद्राच्या वासाच्या म्हणून विकलेल्या पण प्रत्यक्षात कपड्यांच्या साबणासारख्या वासाच्या. कॉर्कमधल्या मराठी मंडळींना तिनं पाच वर्षांत जी काही गाणी रेकॉर्ड करून दिली, त्यांची ही बिदागी. मंडळाच्या गणपतीची आरती, कुणाच्या लेकीच्या वाढदिवसाचं गाणं, कुणा नवऱ्यानं बायकोला आग्रह करकरून गायला लावलेलं द्वंद्वगीत. काम झालं की माणसं दारात उभी राहून "कसे आभार मानू गं" म्हणायची आणि हातात मेणबत्ती ठेवायची. काय द्यावं हे सुचलं नाही की आयर्लंडात मेणबत्ती देतात, आणि ही रीत आपल्या लोकांनी फार पटकन उचलली. वृंदाचं तर त्या वासानं डोकं दुखायचं.

पुण्यात ती सहा वर्षं एका डबिंग स्टुडिओत होती. माणूस कुठल्या शब्दावर बेसूर होणार, हे तिला त्यानं श्वास घेतला की कळायचं. २०१३ साली ज्ञानेशच्या मागोमाग कॉर्कला आली तेव्हा तिच्या दोन बॅगांपैकी एक माइक आणि वायरींची होती. ज्ञानेश औषधांच्या एका कारखान्यात सॉफ्टवेअरचं काम बघायचा. बॅलिनकॉलिगमधल्या त्यांच्या भाड्याच्या घरात वरच्या मजल्यावर एक बॉक्स रूम होती. तिथे पलंग ठेवला तर दार उघडत नसे. त्या खोलीच्या भिंतींना वृंदानं स्वतःच्या हातानं फोम चिकटवला, पडदे दुहेरी केले, आणि त्या खबदाडाला ती स्टुडिओ म्हणायला लागली.

पण तिच्या इमिग्रेशनच्या कार्डावर स्टॅम्प थ्री होता. म्हणजे नवऱ्याबरोबर देशात राहा, हिंडाफिरा, बाजारहाट करा. कमवायचं मात्र नाही. नोकरी देणारा कुणी सापडला तर वेगळं परमिट काढता येतं, पण आपला आपण धंदा करायचा नाही. एम.ए. झालेल्या, पदव्यांचे गठ्ठे घेऊन आलेल्या कितीतरी बायका त्या स्टॅम्पवर घरी बसून पोळ्यांचे नवे प्रकार शिकत होत्या. वृंदाला पोळ्या येत होत्या, आणि त्यात तिला आणखी काही शिकायचं नव्हतं.

तिचं डोकं फिरलं ते २०१८च्या वसंतात. एका गृहस्थानं बायकोच्या चार गाण्यांचं काम करून घेतलं आणि जाताना मेणबत्ती देत म्हणाला, "तुझं बरंय, बसल्या जागी बटणं दाबायची." त्या संध्याकाळी वृंदानं ज्ञानेशला जाहीर करून टाकलं, की उद्यापासून गाण्याला पन्नास युरो. ज्ञानेशनं कपाळाला हात लावला. कारण त्याच महिन्यात दोघांचे नागरिकत्वाचे अर्ज गेले होते. त्या अर्जात माणसाचं चारित्र्य चांगलं असावं लागतं, आणि ते पोलीस, म्हणजे इथले गार्डा, तपासतात.

"पैशासाठी नाही रे," वृंदा म्हणाली. "मी काम करते हे एकदा कुणीतरी कबूल करू दे."

"आणि कुणी कळवलं तर?"

"कोण कळवणार? आपलीच तर माणसं आहेत."

हे बोलली खरी, पण त्या क्षणापासून आपल्या माणसांकडे ती निराळ्या नजरेनं बघायला लागली. नियम तिनंच घातले. पैसे रोख द्यायचे, बँकेतून नाही. ग्रुपवर एक अक्षर लिहायचं नाही. आणि त्याला फी म्हणायचं नाही, "खर्चाला" म्हणायचं. मंडळींनी मान डोलावली. दोघीतिघींनी येणंच बंद केलं. उरलेले पाकीट असं सरकवायचे, जणू तिच्या घरी काही चोरीचा माल मिळतो. मानानं पैसे घ्यायचे म्हणून निघालेली बाई चोरासारखे पैसे घेत होती, आणि हे तिला कळत होतं.

आशिष देशकर हा त्यातला सगळ्यात जुना मित्र. नागपूरचा, मोजकं बोलणारा, डेटा स्टोरेजच्या एका कंपनीत कामाला. कॉर्कला आल्यावर पहिल्या हिवाळ्यात यानंच वृंदा-ज्ञानेशला गाडीतून घरं दाखवत फिरवलं होतं. त्याची बायको मुक्ता इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, स्वतःच्या परमिटवर आलेली. त्यामुळे स्टॅम्प थ्री ही काय चीज आहे हे त्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. "मग तू दिवसभर करतेस काय गं?" असं मुक्तानं एकदा अगदी निरागसपणे विचारलं होतं. वृंदानं ते चार वर्षं जपून ठेवलं होतं.

जुलैत आशिषची आई आली, तीन महिन्यांसाठी. आशिषनं फोन केला, आईची गाणी रेकॉर्ड करायची आहेत म्हणाला. वृंदानं जड जिभेनं दर सांगितला.

पलीकडून आशिष म्हणाला, "अच्छा. म्हणजे आता रेट लागला."

"खर्चाला रे."

"नाही नाही, ग्रँड. चालेल."

त्या 'ग्रँड'चा अर्थ काय लावावा, हे वृंदाला कळेना. इथली माणसं तो शब्द आनंदात वापरतात आणि पाय मोडला तरी वापरतात. तिनं तो वाईट बाजूनं लावला.

अलकनंदाकाकू आल्या त्या काठापदराची साडी नेसून, केसांत क्लिप, कपाळावर ठसठशीत कुंकू. बाहेर ऑगस्टातला तो कॉर्कचा भुरभुरा पाऊस, आणि काकू जणू आकाशवाणीवर निघालेल्या. बॉक्स रूममध्ये शिरल्या, फोमवरून हात फिरवला, माइकसमोर उभ्या राहिल्या आणि एकदम बारीक आवाजात म्हणाल्या, "बाप्पा, हे तर खरंच खरं आहे गं."

"खरंच खरं म्हणजे?"

"मला वाटलं मोबाइलवर करून राहिली असशील."

पुढे तीन दिवस त्या येत राहिल्या. सहा गाणी झाली. एक भूपाळी, दोन गौळणी, दोन भुलाबाईची गाणी आणि एक अंगाई. भुलाबाईची गाणी वृंदानं आयुष्यात ऐकली नव्हती. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भातल्या पोरी घरोघरी म्हणतात म्हणे, आणि काकूंच्या गल्लीत आता म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. आवाज शिकवून तयार केलेला नव्हता, पण असा सच्चा, की वृंदानं दुरुस्तीच्या बटणाला हात लावला नाही. मध्येच काकू थांबायच्या, गळ्याशी दोन बोटं लावायच्या, पाण्याचा घोट घ्यायच्या आणि म्हणायच्या, "हं, आता घे. हे नीट होऊन जाऊ दे." एवढी घाई कसली, हे काही वृंदानं विचारलं नाही. वय झालं की बायका गळ्याला हात लावतातच, असं तिला वाटलं.

शेवटच्या दिवशी आशिष न्यायला आला. त्यानं मोबाइल काढून खोलीचे फोटो घेतले. माइकचे, स्पीकरचे, फोमचे, कॉम्प्युटरच्या पडद्याचे. काकू कोपऱ्यात उभ्या राहून कशाचे घ्यायचे ते सांगत होत्या. वृंदाला ते खटकलं, पण काकूंसमोर काय बोलणार. आशिषनं पाकीट पुढे केलं, वृंदानं ते न उघडता ड्रॉवरमध्ये टाकलं. आणि जिन्यात, काकू चपला घालत असताना, आशिष हळूच म्हणाला, "वृंदा, याची एक पावती देशील?"

वृंदाला वाटलं तो गंमत करतोय. "पावती?"

"हो. पक्की. तुझ्या स्टुडिओच्या नावाची. तारीख, रक्कम, सही."

"कशाला रे?"

आशिषनं खाली आईकडे पाहिलं, मग नजर फिरवली. "असू दे. लागणार आहे."

"बघते," वृंदा म्हणाली. दार लावलं आणि तिथेच पायरीवर बसली. मित्राला कधी कुणी पावती मागतं का? पुण्यात तर मित्राकडून पावती मागितली की ती मैत्री संपली असं समजतात. इथे मात्र आणखी एक गोष्ट होती. ती पावती म्हणजे वृंदानं स्वतःच्या सहीनं लिहून दिलेला कबुलीजबाब होता.

एकदा मनात पाल चुकचुकली की सगळीकडे तिचाच आवाज ऐकू येतो. दोन दिवसांनी वृंदा बसमधून विल्टनला चालली होती. वाटेत आशिषचं घर लागतं. कुंपणापाशी आशिष उभा, आणि पलीकडे त्याचा शेजारी नोएल. नोएल गार्डा होता. दोघं आशिषच्या मोबाइलमध्ये डोकं घालून काहीतरी बघत होते. नोएलनं मान वर करून शीळ घातली, बसच्या काचेतून ती ऐकू आली नाही, पण ओठ दिसले. वृंदा सीटमध्ये खाली सरकून बसली.

घरी येऊन तिनं ज्ञानेशला सांगितलं. तो म्हणाला, "मॅचचा स्कोअर बघत असतील. कॉर्कची हर्लिंगची मॅच होती."

"मॅच संपून आठवडा झाला."

"मग सुट्टीचे फोटो असतील. वृंदा, राईचा पर्वत करू नकोस."

"त्यानं आपल्या खोलीचे फोटो काढलेत. पावती मागितलीये. आणि युअर मॅन, तो नोएल, गार्डा आहे. आता तू मला सांग, राई कुठली आणि पर्वत कुठला."

ज्ञानेश गप्प झाला. आतापर्यंत तो निर्धास्त होता. तो गप्प झाल्यावर मात्र वृंदा खरी घाबरली. अर्ज दोघांचे होते. तिच्या हट्टापायी त्याचाही अर्ज बुडाला तर तो काही बोलणार नाही, आणि जन्मभर न बोलता राहील, हे तिला ठाऊक होतं.

त्यातच फोन आला. वॉटरफोर्डहून कुणी शैलेंद्र, आवाज अगदी गोड. "नमस्कार ताई, तुमचा नंबर आशिष देशकरांनी दिला. आमच्या मंडळाचं एक रेकॉर्डिंग होतं. तुमचा रेट काय हो? आणि बिल वगैरे मिळतं ना?"

"मी रेटबिट काही घेत नाही," वृंदा म्हणाली. "मी असलं काही करतच नाही. तुम्हाला चुकीचं सांगितलंय."

"अहो, पण ते तर म्हणाले—"

तिनं फोन ठेवला. आता संशयाला जागाच उरली नाही. माणूस पेरलेला होता, बिल शब्द त्याच्या तोंडी घातलेला होता, आणि हे सगळं कशासाठी, तर मित्राकडून पैसे मागितले म्हणून. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या आशिषच्या लेकीच्या वाढदिवसाचं गाणं तिनं फुकट केलं होतं, आणि त्याबद्दल घेतली होती एक व्हॅनिलाची मेणबत्ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्ञानेश कामावर गेल्यावर, वृंदानं बॉक्स रूमचा फोम ओरबाडून काढला. भिंतीचा रंगही त्याबरोबर निघाला. माइक टॉवेलात गुंडाळून सुटकेसमध्ये गेला. मग ती कॉम्प्युटरसमोर बसली. गेल्या चार-पाच महिन्यांत ज्यांच्याकडून पैसे घेतले त्यांची कामं तिनं एकेक करून पुसली. ती सगळी गाणी लोकांना कधीच देऊन झाली होती, त्यामुळे जीव अडकला नाही. शेवटी काकूंची सहा राहिली. त्यांचं मिक्सिंग बाकी होतं, आणि ती तिच्या डिस्कशिवाय कुठेच नव्हती.

तिनं हेडफोन लावून अंगाई पुन्हा एकदा ऐकली. शेवटच्या ओळीनंतर काकू हळूच विचारतात, "झालं?" आणि तिचा स्वतःचाच आवाज येतो, "झालं काकू, मस्त झालं." हा तिचा स्वतःचा आवाज ऐकून ती दचकली. इथे तर ती स्वतः साक्ष देत होती. काकू पुढच्या उन्हाळ्यात येतीलच, तोवर पासपोर्ट हातात असेल, तेव्हा परत घेऊ, फुकट घेऊ, तिनं स्वतःची समजूत काढली. आणि पुसलं.

आशिषला फोन करून तिनं सांगितलं, की डिस्क गेली. सगळं गेलं. पैसे परत करते.

"अरे," आशिष म्हणाला. मग लगेच, "डिस्क मला दे. हेच तर काम आहे माझं. आमच्याकडे लॅब आहे, गेलेल्या डिस्कवरचं पण निघतं."

वृंदाला आता सगळं जुळलं. डिस्क हवीये याला. फोटो झाले, पावती मिळाली नाही, आता डिस्क. "नको रे, राहू दे. पार गेलीये."

"पार गेलेली पण आणतो आम्ही. तू फक्त दे. मी येऊन घेऊन जातो."

"नको म्हटलं ना."

तो दोनदा आला. एकदा वृंदानं दार उघडलंच नाही, वरच्या खिडकीच्या पडद्याआडून तो परत गाडीकडे जाताना बघत राहिली. दुसऱ्यांदा ज्ञानेशनं उघडलं आणि पाकीट त्याच्या हातात परत ठेवलं. आशिषनं विचारलं, "आणि डिस्क?" ज्ञानेश म्हणाला, "ती टाकून दिली." तेव्हा ती टाकलेली नव्हती. पण एकदा बोलल्यावर टाकणं भाग होतं. त्या शनिवारी दोघं रिसायकलिंगच्या आवारात गेले, आणि जुने टोस्टर, तुटक्या इस्त्र्या पडल्या होत्या त्या पिंजऱ्यात वृंदानं ती डिस्क टाकली. ज्ञानेश गाडीतून उतरला नाही.

काकू ऑक्टोबरात नागपूरला परत गेल्या. निरोप द्यायला वृंदा गेली नाही. सर्दी झाली म्हणून कळवलं. काकूंनी मुक्ताच्या हाती तिच्यासाठी शेवेचा डबा पाठवला होता. मुक्तानं तो दारातच दिला आणि आत ये म्हटल्यावर ड्यूटी आहे म्हणाली. दिवाळीच्या कार्यक्रमात आशिष भेटला, हसला, "ठीक?" म्हणाला आणि जेवणाच्या रांगेत दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. वृंदा त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवून होती. तो कुणाकुणाशी बोलतो, बोलताना तिच्याकडे बघतो का. तो बघत नव्हता, आणि याचाही तिनं अर्थ लावला.

हिवाळा गेला. कुणी आलं नाही, कुणी विचारलं नाही. एप्रिलअखेर किलार्नीला हजारो माणसांबरोबर उभं राहून वृंदानं आणि ज्ञानेशनं शपथ घेतली. सभागृहाबाहेर आल्यावर लोक फोटो काढत होते, रडत होते. वृंदाला एकदम हलकं वाटलं. इतकं हलकं, की आपण आठ महिने काय वाहत होतो याची तिला लाज वाटायला लागली. ज्यानं तक्रार करायची होती त्यानं केली नव्हती. म्हणजे करायचीच नव्हती का?

पुढच्या आठवड्यात तिनं फोम पुन्हा चिकटवला, धंद्याची नोंदणी केली, आणि स्टुडिओचं नाव छापलेलं एक पावतीपुस्तक करून घेतलं. ते पर्समध्ये टाकून रविवारी दुपारी एकटीच आशिषकडे गेली. न कळवता, कारण कळवलं असतं तर तिचाच धीर सुटला असता.

मुक्तानं दार उघडलं, चहा टाकला. आशिष समोर बसला. वृंदानं पाठ केलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं. आता ती रीतसर धंदा करू शकते. काकू यंदा आल्या की सहाच्या सहा गाणी परत करायची, एक पैसा नको. आणि पावतीही देईन, पक्की, हवी तशी.

आशिष आणि मुक्तानं एकमेकांकडे पाहिलं. आशिष उठला, टॅब्लेट आणला आणि नागपूरला व्हिडिओ कॉल लावला.

काकू पडद्यावर आल्या. गळ्याभोवती पातळ ओढणी होती. "कोण, वृंदा?" त्या म्हणाल्या, आणि वृंदाला वाटलं आवाज नीट येत नाहीये. तिनं सवयीनं टॅब्लेटचा आवाज वाढवला. आवाज नीटच येत होता. काकूंचा आवाजच तसा झाला होता, फाटका, हवा भरलेला, दोन शब्दांनंतर विरून जाणारा.

"थायरॉइडचं ऑपरेशन झालं नं माझं, नोव्हेंबरात," काकू म्हणाल्या. "डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं, आवाज जाऊ शकते. म्हणून तर तिकडे घाई करून राहिले होते. यांना कोणाला सांगितलं नाही मी. उगाच तुमच्या सुट्टीचा विचका."

गळ्याला लावलेली ती दोन बोटं वृंदाला दिसत होती. काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, "काकू, तेव्हा ती पावती कशाला हवी होती तुम्हाला?"

काकू लाजल्यासारखं हसल्या. "आशिषला सांगू नको म्हटलं होतं. लोक हसतील. अगं, चाळीस वर्षं गायले मी. हळदीकुंकवाला, भजनात, कोणाच्या बारशाला. कोणी ब्लाउजपीस दिला, कोणी नारळ. पैसे मोजण्यासारखं हे काम आहे असं आमच्या घरात कोणाला वाटलं नाही. आशिषच्या बाबांनाही नाही. म्हणून म्हटलं, एकदा स्टुडिओत गायचं, पैसे देऊन, आणि माझ्या नावाची पक्की पावती घ्यायची. फोटोबिटो सगळं. शेजारच्या नोएललाही दाखवले नं आशिषनं, आई स्टुडिओत गायली म्हणून. आणि तुझं कामही किती चांगलं. आशिष तर गावोगावी सांगून राहिला होता, वृंदाकडेच करा."

आशिष खिडकीबाहेर बघत होता.

"ते डिस्कचं काही झालं का गं?" काकूंनी विचारलं. "आशिष म्हणतो, कधीकधी निघते त्याच्यातून."

या ठिकाणी वृंदाला खोटं बोलता आलं असतं. आठ महिने तिनं दुसरं काय केलं होतं? पण त्या फाटक्या आवाजासमोर तिची जीभ वळली नाही. "काकू, डिस्क बिघडलीच नव्हती," ती म्हणाली. "मी पुसलं, आणि डिस्क टाकून दिली. पैसे घ्यायची मला परवानगी नव्हती. आशिषनं पावती मागितली, आणि मला वाटलं, तो माझी तक्रार करणार."

मुक्तानं जाऊन किटली बंद केली.

"मी?" आशिष म्हणाला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसताच तिच्याकडे बघत राहिला. "पुसलेलं तर मी एका दिवसात काढून दिलं असतं, वृंदा. दोनदा आलो होतो मी. मला वाटलं, रेट ऐकून मी काहीतरी बोललो, ते तुला लागलं, म्हणून तू देत नाहीयेस. मला वाटत होतं, टाकली हे ज्ञानेश असंच म्हणाला, आज आणली असशील."

तो उठून दारापर्यंत गेला. मुक्तानं त्याला हाक मारली नाही. वृंदानं मान खाली घातली, आणि ती आता कायम तशीच राहणार असं तिला वाटलं.

टॅब्लेटमधून काकूंचा श्वास ऐकू येत होता. मग त्या म्हणाल्या, "पावतीपुस्तक आणलं म्हणालीस नं?"

"आणलंय."

"मग पावती दे. मुक्ता, ते पाकीट आण. प्रेसमध्ये, त्या स्वयंपाकघरातल्या कपाटात, डाळीच्या डब्यामागे ठेवलं आहे मी."

"नको, काकू. हे पैसे मी कसे घेऊ?"

"कसे म्हणजे? मी गायले, तू काम केलं. फुकट गायलं असं नको मला. चाळीस वर्षं तेच केलं. लिही."

वृंदानं पुस्तक उघडलं. पहिलंच पान. तिनं अक्षर नीट काढलं. अलकनंदा पुरुषोत्तम देशकर. काकू म्हणाल्या, मधलं नाव नको, नुसतं माझं लिही. वृंदानं ते पान फाडलं आणि दुसऱ्या पानावर लिहिलं, अलकनंदा देशकर. गायन. सहा गाणी. पैसे मिळाले. खाली सही केली आणि पावती पडद्यासमोर धरली. काकूंनी चष्मा लावला आणि त्या विरत्या आवाजात, एकेक शब्द करत, स्वतःचं नाव वाचलं.

"आता एक सांग," त्या म्हणाल्या. "मी काही माझं गाणं ऐकलं नाही. आशिषनंही नाही. ऐकलेली तू एकटी. कशी झाली होती गं?"

वृंदानं डोळे पुसले. पावती टेबलावर ठेवली, आणि ती हलू नये म्हणून तिच्यावर तळहात ठेवला.

"भूपाळी पहिल्याच दमात झाली," ती म्हणाली. "दुसऱ्या कडव्याआधी तुम्ही पुरता श्वास घेतला नाहीत. मला वाटलं, आता सूर उतरणार. पण तुम्ही ती ओळ तशीच उचललीत, अगदी हळू, आणि शेवटचा शब्द जरा लांबवलात."

"लांबवला?" काकूंनी विचारलं. "कसा?"

दारात उभा असलेला आशिष परत आला आणि खुर्ची ओढून बसला. वृंदा सांगत राहिली. अजून पाच गाणी बाकी होती.